जनावरांची साथ आणि गरिबाचा संसार



गोदाकाठच्या ह्या व्यासपीठावरून आजवर थोरामोठ्यांची व्याख्याने झाली. त्याच जागी उभा राहून मी डुकरांविषयी बोलणार आहे, हे कळताच माझ्या एका स्नेह्याने मला विचारले, "अहो, दुसरा विषय नाही का मिळाला?" त्याचे काही चुकले नाही. आपण नाशिककर क्षेत्रात राहणारी माणसे. वराह म्हटले की आपण हात जोडतो आणि डुक्कर म्हटले की नाक मुरडतो. परंतु ज्याच्या घरची चूल त्या डुकरावर पेटते, त्याला नाक मुरडून चालत नाही. आज त्याच्या बाजूने दोन शब्द बोलावेत एवढाच माझा हेतू आहे.

मी विद्वान नाही. सातवीनंतर शाळा सुटली आणि कारखान्याचा भोंगा सुरू झाला. जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत नोटिसा आणि करार वाचता वाचता, आणि उरलेले आपल्या सार्वजनिक वाचनालयात. १८४० सालापासून चालत आलेल्या त्या संस्थेचे माझ्यासारख्यावर फार ऋण आहे. पशुवैद्यकातले मला जे कळते ते असे वाचून आणि जाणत्यांना विचारून कळलेले आहे. हिशेब मात्र मला चांगला कळतो, कारण तीस वर्षे तोच करीत आलो आहे.

आता हा विषय माझ्याकडे कसा आला ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी कंत्राटी सफाई कामगारांची सभा होती. सभा संपल्यावर एक कामगार मागे थांबला. त्याला ठेकेदाराकडून पगार मिळे तो कधी दोन महिन्यांनी, कधी तीन महिन्यांनी. मधल्या काळात घर चालवीत ती त्याची बायको आणि आई; त्यांनी वस्तीच्या कडेला चौदा डुकरे पाळली होती. पावसाळ्याच्या तोंडाला एका मादीने खाणे सोडले. तिला ताप चढला, कान तांबडे-निळे पडले आणि तिसऱ्या दिवशी ती मेली. मागोमाग दुसरे जनावर बसले. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सल्ला दिला, "बोलू नकोस कुठे, उरलेली काढून टाक." रात्री व्यापारी टेम्पो घेऊन आला आणि नऊ जनावरे चौथाई किमतीत घेऊन गेला. उरलेली पाच मेली. ती ह्यांनी गुपचूप पुरली.

हे सारे सांगून झाल्यावर त्याने मला विचारले, "भाऊ, मी सरकारला सांगितलं असतं, तर मला काय मिळालं असतं?"

मला उत्तर देता आले नाही. बोनसचा कायदा मला पाठ होता, ग्रॅच्युइटीचे सूत्र तोंडपाठ होते. पण डुक्कर मेले तर काय, हे मला ठाऊक नव्हते. मी एका कचेरीत जाऊन विचारले. तिथल्या माणसाने सांगितले की डुकरांची नोंदच आमच्याकडे नाही, तर मेल्याची कोठून असणार? तेव्हापासून मी त्या प्रश्नाचे उत्तर शोधीत आहे. ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम हे पाहू की लहान माणूस डुक्कर पाळतो तो कशासाठी. आपल्याकडे हा धंदा मुख्यतः कैकाडी, वडार अशा भटक्या-विमुक्त जमातींतील आणि सफाईचे काम करणाऱ्या समाजांतील कुटुंबे करतात. ह्यांच्यापाशी जमीन नसते, म्हणून सातबारा नसतो. सातबारा नसतो म्हणून बँक उभी करीत नाही. अशा घराला डुक्कर हीच बँक. मादी एकशे चौदा दिवसांत वितेे, एका वेताला आठ-दहा पिले देते आणि वर्षाला दोन वेते होऊ शकतात. गायीला जसा हिरवा चारा आणि पेंड लागते तसे हिला विकत आणून घालावे लागत नाही. खाणावळीचे खरकटे, बाजारातला टाकलेला भाजीपाला ह्यांवर ती वाढते. म्हणजे शहर जे फेकते त्याचे हे जनावर पैशात रूपांतर करते. मुलीचे लग्न, दवाखाना, शाळेची फी, सावकाराचा हप्ता, अशी नड आली की एखादे जनावर विकायचे. दूधवाल्यासारखे रोजचे उत्पन्न हे नाही. ही साठवण आहे. म्हणून साथ आली की ह्या माणसाचे एका महिन्याचे उत्पन्न बुडते असे नव्हे, तर सारी पुंजीच बुडते.

आता रोगाविषयी. डुकरांचे दोन ताप मुख्य आहेत. एक जुना, ज्याला नुसते स्वाइन फिवर म्हणतात. त्यावर लस आहे आणि ती आपल्या देशातच तयार होते. दुसरा आफ्रिकन स्वाइन फिवर. ह्याची पहिली नोंद केनियात १९२१ साली झाली. नावात साम्य असले तरी दोहोंचे विषाणू निराळे. एकाची लस दुसऱ्याला लागू पडत नाही. लक्षणे मात्र इतकी सारखी की प्रयोगशाळेवाचून जाणत्या डॉक्टरालाही खात्रीने सांगता येत नाही. त्या सफाई कामगाराच्या डुकरांना कोणता रोग झाला होता हे म्हणूनच मी सांगू शकत नाही. नमुना घेतलाच गेला नाही. पुरावा मातीत गेला.

आफ्रिकन ताप माणसाला होत नाही, हे आधी ध्यानात ठेवावे. पण डुकरांत तो शिरला की शंभरातली नव्वदांहून अधिक जनावरे मरू शकतात. तो रक्तातून पसरतो, मांसातून पसरतो, गाडीच्या चाकाला आणि माणसाच्या चपलेला लागूनही पसरतो. गोठवलेल्या मांसात विषाणू कित्येक महिने जिवंत राहतो. ते मांस खाणावळीत आले, त्याचे कच्चे तुकडे खरकट्यात गेले आणि ते खरकटे न उकळता डुकराला घातले की साखळी पुरी झाली. २००७ साली हा रोग जॉर्जिया देशात पोचला, २०१८ साली चीनमध्ये आणि २०२० साली आपल्या आसाम व अरुणाचलात. मिझोराममध्ये २०२१ ह्या एका वर्षात तीस हजारांहून अधिक डुकरे त्याने मारली. २०२२ च्या जुलैत तो केरळातील वायनाड जिल्ह्यात आढळला. देशाच्या पार ईशान्य टोकाला निघालेला रोग दोन वर्षांत पश्चिम घाटात आला.

ह्यावर उपाय काय? व्हिएतनामने २०२३ साली दोन लशींना सर्वत्र वापरण्याची परवानगी दिली. परंतु लहान पाळणाऱ्याच्या हाती देता येईल अशी सर्वमान्य लस आपल्याकडे नाही. तेव्हा उपाय एकच उरतो. जेथे रोग सापडला तेथून एक किलोमीटरच्या आतली सारी डुकरे, रोगी असोत वा धडधाकट, मारून पुरायची आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवायची. शास्त्राच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. वणवा पेटला की पुढचे गवत आपणच कापून टाकतो, तसे हे. पण कापलेले गवत कोणाचे, हा प्रश्न शास्त्राचा नाही. तो तुमचा-आमचा आहे.

सरकारने ह्यासाठी भरपाईचे दर ठरवले. १५ किलोपर्यंतच्या पिलाला २,२०० रुपये, ४० किलोपर्यंत ५,८००, ७० किलोपर्यंत ८,४००, १०० किलोपर्यंत १२,००० आणि त्यावर १५,००० रुपये. वायनाडच्या शेतकऱ्यांना ह्याच दरांनी पैसे मिळाले. आकडे ऐकायला वाईट नाहीत. परंतु आपण थोडा हिशेब करून पाहू.

समजा, एका घरी दोन माद्या, एक नर आणि बारा लहान पिले आहेत. माद्या आणि नर शंभर किलोच्या आतले धरले तर त्या तिघांचे ३६,००० रुपये. बारा पिलांचे २६,४००. एकूण ६२,४०० रुपये. रक्कम हाती आली असे धरू. त्यानंतर जागा रिकामी ठेवायची. निर्जंतुक करून परवानगी मिळेपर्यंत तीन महिने जातात असे समजू. मग दोन महिन्यांची नवी पिले आणायची. ती माजावर यायला आणखी सात महिने. गाभणपणाचे जवळजवळ चार महिने. झालेली पिले विकण्याजोगी व्हायला निदान आठ महिने. बेरीज करा: तीन, सात, चार आणि आठ म्हणजे बावीस महिने. ६२,४०० रुपयांना बावीसने भागा. महिन्याला तीन हजारांच्याही आत रक्कम येते, आणि त्यातूनच नवी पिले विकत घ्यायची आहेत! भरपाई मिळाली ती जनावराच्या वजनाची. ह्या बावीस महिन्यांची भरपाई कोणत्याच रकान्यात नाही.

आणि आता खरी गोम सांगतो. ही भरपाई मारलेल्या जनावराची मिळते, मेलेल्याची नाही. सरकारी माणसांनी येऊन जे डुक्कर मारले त्याचे पैसे. रोगाने आधीच जे मेले त्याचे काही नाही. ह्याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. पाळणाऱ्याने पहिल्या दिवशी खबर दिली. डॉक्टर आले, नमुना घेतला. तो पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत जाणार, तेथून खात्रीसाठी भोपाळच्या अतिसुरक्षित प्रयोगशाळेत जाणार. अहवाल येईपर्यंत दिवस जातात. रोग काही अहवालाची वाट पाहत थांबत नाही. मारणारी तुकडी येईल तेव्हा निम्मी जनावरे मेलेली असतील आणि तितकी भरपाई गेलेली असेल. उलट त्याच रात्री व्यापाऱ्याला बोलावले तर चौथाई का होईना, रोख पैसे हातात पडतात.

श्रोतेहो, त्या सफाई कामगाराने रोग लपवला तो अडाणीपणाने लपवला असे आपण म्हणणार असू, तर आपणच अडाणी ठरू. त्याने हिशेब केला, आणि त्याच्यापुढे जे दोन मार्ग होते त्यांत त्याचा हिशेब बरोबर होता. २००९ च्या केंद्रीय कायद्याने जनावराच्या सांसर्गिक रोगाची खबर देणे हे मालकाचे कर्तव्य ठरवले आहे. कर्तव्य योग्यच आहे. पण ते पार पाडणारा बुडतो आणि चुकवणारा निम्माशिम्मा वाचतो, अशी व्यवस्था असेल तर ते कर्तव्य कागदावरच राहणार. व्यापाऱ्याच्या टेम्पोतून गेलेली ती नऊ जनावरे किती गावांना रोग वाटीत गेली असतील, ह्याचा विचार करा. एका घराची भरपाई वाचवायला जावे आणि दहा गावांची भरपाई अंगावर यावी, असा हा व्यवहार आहे.

कोणी म्हणेल, ही केरळची आणि मिझोरामची गोष्ट झाली; आपला काय संबंध? संबंध आहे. जनावर बदला, डुकराच्या जागी कोंबडी घ्या, आणि आपल्याच नाशिक विभागातील नवापूरला चला.

नवापूर हे नंदुरबार जिल्ह्यातील सीमेवरचे गाव. तिथले रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. भारतात बर्ड फ्लू प्रथम आढळला तो इथे, फेब्रुवारी २००६ मध्ये. तो सीमा ओलांडून गुजरातेतील उच्छल भागात गेला आणि मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातील काही गावांत, घरच्या परसातल्या कोंबड्यांत निघाला. लाखो पक्षी मारून खड्ड्यांत पुरले गेले. तेच नवापूर २०२१ च्या फेब्रुवारीत पुन्हा सापडले. त्याच्या आदल्या महिन्यात परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी बचत गटाने चालवलेल्या पोल्ट्रीत सुमारे आठशे कोंबड्या मेल्या होत्या. २०२१ साली भरपाईचा दर होता अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबडीला ९० रुपये, मांसाच्या मोठ्या पक्ष्याला ७० रुपये, अंड्याला ३ रुपये आणि नष्ट केलेल्या खाद्याला किलोमागे १२ रुपये.

हा दरपत्रक मी युनियनवाल्याच्या डोळ्यांनी वाचला आणि मला त्यात एक रकाना सापडला नाही. कोंबडीचा रकाना आहे, अंड्याचा आहे, खाद्याचाही आहे. शेडमध्ये पाणी देणाऱ्या, खत काढणाऱ्या, अंडी वेचणाऱ्या मजुराचा रकाना नाही. नवापूर परिसर हा आदिवासी मुलूख. शेड बंद पडल्या त्या दिवसापासून तिथल्या माणसांची रोजी बंद झाली. गोणीतले खाद्य मोजले गेले, पण ती गोणी वाहणारा मोजला गेला नाही. ज्याच्या परसात चार कोंबड्या होत्या त्याचे नुकसान कागदावर साडेतीनशे-चारशे रुपये भरले. पण आदिवासी घरात कोंबडी म्हणजे पाहुण्याचा मान, देवाचा नवस आणि आठवड्याच्या बाजाराचे मीठमिरची असते, हे कोणत्या दराने मोजायचे?

मला हे ऐकीव माहितीवरून सांगावे लागत नाही. माझ्या आईने पंधरा-वीस कोंबड्या पाळल्या होत्या आणि आम्हां भावंडांच्या वह्या-पाट्या अंड्यांच्या पैशांतून येत. एका उन्हाळ्यात मानमोडी आली. पुस्तकात त्या रोगाला राणीखेत म्हणतात. कोंबडी मान वाकडी करून गोल गोल फिरते, म्हणून आमच्याकडे मानमोडी. चार दिवसांत खुराडे रिकामे झाले. आई रडली नाही. तिने खुराडे झाडले, चुन्याने सारवले आणि दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्याच्या शेतावर कांदे काढायला गेली. त्या वर्षी माझ्या वडील बहिणीची शाळा सुटली ती कायमची. ह्या मानमोडीवर लस आहे आणि ती अगदी स्वस्त आहे, हे मला वीस वर्षांनी वाचनालयात कळले.

साथीबरोबर आणखी एक साथ येते, ती अफवेची. २००९ साली माणसांत नवा फ्लू आला आणि त्याला नाव पडले स्वाइन फ्लू. तो माणसाकडून माणसाला होत होता. शिजवलेले डुकराचे मांस खाल्ल्याने होत नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल संपण्याआधीच ते नाव वापरणे सोडले, पण लोकांच्या तोंडी बसायचे ते बसले. इजिप्तच्या सरकारने तर देशात एकही रुग्ण नसताना सारी डुकरे, सुमारे तीन लाख, मारून टाकण्याचा हुकूम काढला. ती होती कैरो शहराचा कचरा गोळा करणाऱ्या जब्बालीन नावाच्या गरीब लोकांची. ते घरोघरचा ओला कचरा नेऊन डुकरांना घालीत. डुकरे गेली, तसा ओला कचरा उचलण्यातला त्यांचा फायदा गेला, आणि थोड्याच महिन्यांत कैरोचे रस्ते सडक्या कचऱ्याने भरले. गरिबाचा धंदा मोडला की शहराला काय किंमत मोजावी लागते, हे कैरोकरांना तेव्हा समजले. आपल्याकडेही २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीमुळे कोरोना होतो अशी आवई उठली आणि महाराष्ट्रात कोंबडीचा भाव खाद्याच्या खर्चाखाली गेला. तेव्हा कोंबडी आजारी नव्हती. बाजार आजारी होता. त्या नुकसानीला तर कसलाच दर नाही.

ह्यावरून सरकार काहीच करू शकत नाही असे मात्र कोणी समजू नये. करायचे मनात आणले तर काय होते ह्याची दोन उदाहरणे देतो.

पहिले बुळकांडीचे. एके काळी ह्या रोगाने गावेच्या गावे बैलांवाचून ओस पडत. त्याच्या अभ्यासासाठी १८८९ साली आपल्या पुण्यातच प्रयोगशाळा निघाली. पुढे ती हिमालयात मुक्तेश्वरला गेली. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली देशभर लसीकरणाची मोहीम सुरू झाली. गावोगाव, दारोदार, चाळीस वर्षे काम चालले. १९९५ नंतर भारतात हा रोग दिसला नाही, आणि २०११ साली तो साऱ्या जगातून गेल्याचे जाहीर झाले. लस टोचताना बैल सधनाचा की निर्धनाचा हे कोणी विचारले नाही, म्हणूनच रोग गेला. एक जरी गोठा वगळला असता तरी तो राहिला असता.

दुसरे उदाहरण लम्पीचे, कालपरवाचे. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यात तो आढळला. जनावरांचे बाजार बंद झाले, गाई-बैलांना शेळ्यांच्या देवीची लस फुकट टोचली गेली आणि राज्याने मेलेल्या दुभत्या गायीला ३०,०००, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये मदत ठरवली. नीट ऐका: मेलेल्या! म्हणजे मेलेल्या जनावराचे पैसे द्यायचे नाहीत हा काही निसर्गाचा नियम नव्हे. गायीच्या बाबतीत आपण तो पाळला नाही आणि चांगले केले. मग डुकराच्या बाबतीत तो का पाळावा? गायीच्या कानात बिल्ला आहे, तिच्या मालकाला गावात आवाज आहे. डुकराच्या कानात बिल्ला नाही आणि त्याच्या मालकाच्या गळ्यात आवाज नाही. फरक एवढाच.

कामगार चळवळीला हा प्रश्न नवा नाही. गिरणीत कच्चा माल नाही, वीज नाही, यंत्र मोडले, म्हणून मालक कामगाराला घरी बसवी. कामगाराचा दोष नसे, पण उपास त्याला पडे. झगडून झगडून १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशा सक्तीच्या बेकारीत निम्मा पगार देण्याचे तत्त्व मान्य झाले. कायदे बदलले, नव्या संहिता आल्या. ते तत्त्व टिकले. त्याचप्रमाणे ह्या महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना सुरू केली आणि १९७७ साली तिचा कायदा केला. पाऊस पडला नाही हा शेतमजुराचा गुन्हा नव्हे, म्हणून त्याला काम मिळाले पाहिजे, असे आपण म्हटले. मग मी विचारतो, रोगाने रिकामे झालेले खुराडे किंवा कोंडवाडा हा दुष्काळ नाही काय? आणि दहा गावे वाचावीत म्हणून ज्याची निरोगी जनावरे आपण मारतो, त्याला तर आपणच घरी बसवलेले असते.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. डुकरांची आणि परसातल्या कोंबड्यांची नोंद गाय-म्हशींसारखी व्हावी. ती जमिनीच्या उताऱ्यावर अवलंबून नसावी. खबर दिल्याच्या तारखेपासून जे जनावर मरेल किंवा मारले जाईल, त्या दोहोंची भरपाई सारखी मिळावी. ती पंधरा दिवसांत मिळावी, कारण सावकार त्याहून अधिक थांबत नाही. जागा रिकामी ठेवण्याच्या काळात पाळणाऱ्याला आणि शेडवरच्या मजुराला निदान निम्मी रोजी मिळावी. आणि ज्या रोगांवर लस आहे, ती वस्तीत जाऊन टोचावी.

पाळणाऱ्या बांधवांनाही माझे सांगणे आहे. खरकटे खळखळून उकळून, निदान अर्धा तास शिजवून, मगच घालावे. नवे जनावर आणले तर काही दिवस वेगळे बांधावे. रोगी जनावर विकू नये. ते विकणे म्हणजे शेजाऱ्याच्या घरात आग टाकणे. परंतु हा उपदेश एकट्यादुकट्याला करून भागत नाही. सरपणालाही पैसे पडतात, आणि चौदा डुकरांच्या धन्याला वेगळी जागा कोठून आणायची? वस्तीतल्या दहा घरांनी मिळून एक मोठी कढई, एक वेगळे आवार आणि एक नोंदवही ठेवली तर मात्र ते जमते. नोंदवही असली की कचेरीत कोणाला "नोंद नाही" असे म्हणता येत नाही. संघटनेचा आरंभ असाच होतो. आमच्या पहिल्या युनियनची मालमत्ताही एक वही आणि एक टेबल एवढीच होती.

तो सफाई कामगार मला गेल्या वर्षी पुन्हा भेटला. आता त्याच्याकडे डुकरे नाहीत. बायको चार घरची धुणीभांडी करते. मी त्याला म्हटले, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं बाबा. तू सांगितलं असतंस तर मेलेल्या पाचांचे तुला काही मिळालं नसतं. उरलेल्या नऊंचे कदाचित मिळाले असते, तेही वेळेवर तुकडी आली असती तर." तो हसला आणि म्हणाला, "म्हणजे भाऊ, मी केलं ते बरोबरच होतं की."

ते बरोबर नव्हते, हे मला ठाऊक आहे आणि त्यालाही ठाऊक आहे. त्या नऊ जनावरांच्या मागे कोणाचा तरी गोठा रिकामा झाला असेल. पण "तू चुकलास" असे त्याला तोंडावर सांगण्याचा अधिकार मला अजून मिळालेला नाही. खबर देणाऱ्याच्या घरात चूल पेटती राहील अशी व्यवस्था आपण करू, त्या दिवशी तो अधिकार आपल्याला मिळेल. ती व्यवस्था व्हावी म्हणून आपण सर्वांनी आवाज उठवावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.